शांत संगणक : पेटी व शीतक यांची निवड

बोलींच्या ध्वनिमुद्रणावर आधारलेल्या संशोधनात एक अडचण आता वारंवार अनुभवास येऊ लागली आहे. नमुने मुद्रित करावयाचे, त्यांचे विश्लेषण करावयाचे आणि त्यांवरील गणिते रात्रंदिवस चालू ठेवावयाची, ही तिन्ही कामे पुष्कळदा एकाच खोलीत, एकाच शक्तिमान वर्कस्टेशनपाशी होतात. आणि ज्या यंत्रामुळे हे काम सुकर झाले, त्याच्याच पंख्यांचा घोष मुद्रणात उतरतो. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १५०० फेरे करीत असेल, तर सेकंदाला २५ फेरे होतात आणि पात्यांच्या गतीमुळे उत्पन्न होणारा मुख्य स्वर १७५ हर्ट्‌झचा असतो. प्रौढ स्त्रीपुरुषांच्या बोलण्यातील मूलस्वर साधारणपणे ८० ते २५० हर्ट्‌झच्या दरम्यान असतो. म्हणजे हा उपद्रवी स्वर नेमका मानवी आवाजाच्या पट्ट्यात पडतो. तो मागाहून गाळू जावे, तर त्याबरोबर बोलणाराच्या आवाजाचाही काही अंश गळून जातो. वृद्ध निवेदकांची बोली पुन्हा मुद्रित करण्याची संधी नेहमीच मिळते असे नाही. यास्तव संगणकाची पेटी, जिला आपण व्यवहारात कॅबिनेट म्हणतो, आणि प्रोसेसरवर बसवावयाचे शीतक, म्हणजेच कूलर, यांची निवड हा केवळ सोयीचा प्रश्न नसून संशोधनसाधनाच्या शुद्धतेचा प्रश्न आहे.

आवाज नको असेल तर यंत्र जाड भिंतींच्या पेटीत कोंडावे, अशी एक स्वाभाविक समजूत आढळते. ती का फसते हे पाहण्यासाठी प्रथम उष्णतेचा हिशेब मांडला पाहिजे. संगणक जितकी वीज घेतो तितकी जवळजवळ सर्वच अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. २०२३ साली आलेल्या थ्रेडरिपर ७९८०एक्स या प्रोसेसरची नियोजित उष्णता ३५० वॅट आहे. २०२२ सालच्या आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डाची ४५० वॅट. ही दोन्ही एका पेटीत असतील तर ८०० वॅटची शेगडीच तीत पेटलेली आहे असे समजावे. एक घनमीटर हवा एक अंश तापण्यास सुमारे १२०० जूल उष्णता लागते. पेटीतून जाणारी हवा १० अंशांहून अधिक तापू नये असे ठरविले, तर मिनिटाला सुमारे चार घनमीटर, म्हणजे ताशी २४० घनमीटर हवा पेटीतून गेलीच पाहिजे. हा आकडा कोणत्याही युक्तीने टळत नाही. हवा किती हवी हे उष्णता ठरविते. ती किती आवाज करीत जाईल, एवढेच आपल्या हाती राहते.

ते कसे, याचे उत्तर पंख्यांच्या नियमांत आहे. एकाच पंख्याची गती निम्मी केली तर त्यातून वाहणारी हवा निम्मी होते. परंतु त्याचा आवाज सुमारे १५ डेसिबेलने उतरतो. उलटपक्षी, सारखाच आवाज करणारा दुसरा पंखा जोडल्यास आवाजात केवळ तीन डेसिबेलची भर पडते. अर्थात एका पंख्याऐवजी निम्म्या गतीचे दोन पंखे लावले, तर हवा तितकीच मिळून आवाज १२ डेसिबेलने कमी होतो. दहा डेसिबेलची घट कानाला साधारणपणे निम्म्यासारखी वाटते हे लक्षात घेतले, म्हणजे या व्यवहारातील लाभ स्पष्ट होईल. मोठ्या व्यासाचा पंखाही तेवढीच हवा कमी फेऱ्यांत ढकलतो. फडताळात रचावयाच्या सर्व्हरांपैकी सर्वांत पातळ प्रकाराची उंची अवघी ४४.४५ मिलिमीटर असते. त्यात ४० मिलिमीटरचे पंखेच मावतात, म्हणून ते मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेत किंचाळतात. असा सर्व्हर स्वस्त मिळाला तरी अभ्यासिकेत आणू नये.

आता पेटीकडे वळू. नॉक्टुआच्या एनएफ-ए१४ या १४० मिलिमीटर पंख्याची क्षमता १५०० फेऱ्यांना ताशी सुमारे १४० घनमीटर आहे. ७५० फेऱ्यांना ती ७० धरता येईल. आपली २४० घनमीटरची गरज कागदावर अशा चार पंख्यांनी भागते. तथापि हे आकडे मोकळ्या हवेतील होत. जाळी, गाळणी, तारांचे जुडगे व अरुंद वळणे यांतून जाताना प्रवाह पुष्कळच घटतो. म्हणून पेटी निवडताना तिच्या दर्शनी भागाची जाळी खरोखर मोकळी आहे काय, समोर १४० मिलिमीटरचे तीन पंखे बसतात काय, आणि समोरून मागे असा हवेचा सरळ मार्ग राहतो काय, हे प्रथम पाहावे. दर्शनी भाग काचेचा किंवा सपाट पत्र्याचा असून बाजूस केवळ बोटभर फट ठेवलेली पेटी दिसावयास देखणी असते. परंतु तीत हवा अडते, पंखे गती वाढवितात, आणि जो आवाज कोंडावयाचा तोच वाढतो.

फेसासारख्या शोषक अस्तराबद्दलही थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. सच्छिद्र पदार्थ ध्वनी चांगला शोषतो तो त्याची जाडी ध्वनिलहरीच्या लांबीच्या चतुर्थांशाइतकी असेल तेव्हा. १७५ हर्ट्‌झच्या लहरीची लांबी जवळजवळ दोन मीटर असते. तिच्यासाठी अर्धा मीटर जाडीचे अस्तर लागेल. पेटीतील काही मिलिमीटरचे अस्तर वरच्या पट्टीतील सुसकारा कमी करते, जड पत्रा थरथर आवरतो; परंतु आपल्याला नडणारा खालचा घोष त्यांना दाद देत नाही. तो उगमापाशीच, म्हणजे पंख्याच्या गतीपाशी, कमी केला पाहिजे.

शीतकाची निवड याच तत्त्वाने करावी. हवेच्या शीतकात तांब्याच्या उष्णतानलिका असतात. त्यांतील द्रवाची प्रोसेसरपाशी वाफ होते, ती वर पातळ पत्र्यांपाशी निवते व द्रव पुन्हा खाली येतो. यात हलणारा भाग पंखा एवढाच. तो बिघडला तर थोड्या खर्चात बदलता येतो. पाण्याच्या शीतकात उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेली जाते व तेथे तीन-तीन पंख्यांना पुरेल एवढे क्षेत्र मिळते. मात्र पंपाचा स्वतःचा गुणगुणाट त्यात मिळतो, आणि पंप निकामी झाल्यास काम तत्काळ थांबते. मोठ्या प्रोसेसरासाठी शीतकाचा तळ त्याचे झाकण पूर्णपणे व्यापतो की नाही हेही पाहावे. थ्रेडरिपरसाठी नॉक्टुआने ७० बाय ५६ मिलिमीटर तळाची निराळी शीतके काढली, ती याच कारणाने. उंचीही आधी मोजावी. याच संस्थेचे, साध्या प्रोसेसरांसाठी असलेले एनएच-डी१५ हे शीतक १६५ मिलिमीटर उंच आहे. अरुंद पेटीचे झाकण त्यावर बसणार नाही.

परदेशी चाचण्यांचे आकडे वाचताना आपल्या हवामानाचा विसर पडू देऊ नये. उपर्युक्त प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे. खोलीत २२ अंश असतील तर ७३ अंशांचे अंतर हाती राहते; चैत्र-वैशाखात बंद खोलीत ३६ अंश असतील तर ५९ अंशांचेच. त्याच ३५० वॅटसाठी शीतकाला पहिल्या स्थितीत दर वॅटमागे ०.२१ अंशांची सवलत आहे, दुसरीत ०.१७ अंशांची. म्हणून तेथे पुरेसे ठरलेले शीतक विदर्भातील उन्हाळ्यात पुरेसे ठरेलच असे नाही. धुळीचाही विचार हवा. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी अधिक ठेवली, तर फटींतून धूळ शिरत नाही. परंतु गाळणी सहज निघणारी असावी व ती नियमाने धुवावी, अन्यथा मोकळी पेटीही काही महिन्यांत बंदिस्त होते.

पंख्यांची गती ठरविण्याचे काम यंत्रावरच सोपवू नये. क्षणोक्षणी चढउतार करणारा घोष स्थिर घोषापेक्षा अधिक त्रासदायक असतो, आणि मुद्रणातून काढण्यासही अधिक कठीण. यास्तव गती सावकाश बदलेल अशी योजना करावी आणि मुद्रणाच्या वेळी जड गणिते थांबवावीत.

निधी मर्यादित असल्यास प्रथम मोकळी पेटी, मग मोठे शीतक, त्यानंतर चांगले पंखे आणि सर्वांत शेवटी अस्तर, असा क्रम धरावा. खरेदीच्या पत्रकात प्रोसेसरच्या वेगाला पहिले स्थान मिळते आणि पेटीचा उल्लेख ‘योग्य ती’ एवढ्यावर संपतो. वस्तुतः प्रोसेसर चारदोन वर्षांत जुना होतो. वृद्ध निवेदकाच्या शब्दाखाली एकदा मुद्रित झालेला घोष मात्र तेथे कायमचा राहतो.