बार्बाडोसची सुटी

प्रवासाला निघण्यापूर्वी माणसाने नकाशा पाहावा, हा उपदेश जुना आहे. परंतु नकाशा कसा पाहावा, हे फारसे कोणी सांगत नाही. एखाद्या बेटाचा नकाशा समोर आला की आपली दृष्टी किनाऱ्याच्या रेषेवर आणि हॉटेलांच्या खुणांवर खिळून राहते. त्या बेटावर वारा कोणत्या दिशेने येतो, वादळे कोणत्या महिन्यांत होतात आणि किनाऱ्यामागे कोण राहते, हे त्या नकाशावर छापलेले नसते. सुटी फसते ती बहुधा या न छापलेल्या गोष्टींमुळेच.

माझे एक स्नेही असाच एक कागद घेऊन माझ्याकडे आले होते. सरकारी नोकरीत वर्षे काढलेल्या माणसापुढे कोणताही कागद ठेवला की तो त्यावर शेरा मारल्यावाचून राहत नाही, हे जाणूनच ते आले असावेत. त्यांच्या विवाहाला पंचवीस वर्षे पूर्ण होत होती आणि त्यानिमित्त दोघांनी कॅरिबियन समुद्रातील बार्बाडोस बेटावर जाण्याचे ठरविले होते. बार्बाडोसच का, हे विचारण्याची गरज नव्हती. १९७१ च्या दौऱ्यात आपल्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ब्रिजटाउनच्या मैदानावर काढलेल्या दीडशे धावांचे वर्णन त्यांनी वडिलांच्या तोंडून कितीदा तरी ऐकले होते. आणि २९ जून २०२४ रोजी त्याच केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तो सामना त्यांनी रात्री जागून पाहिला होता.

कागदावर तीन मुख्य कलमे होती. पहिले, सप्टेंबर महिन्यात सात रात्रींचा मुक्काम. दुसरे, एक दिवस पूर्व किनाऱ्यावर पोहणे. तिसरे, राहणे-खाणे-पिणे सारे एकाच दरात देणारे, भिंतीआडचे एक रिसॉर्ट. "अरे, सप्टेंबरात दर किती उतरतो ते पाहा," स्नेही उत्साहाने म्हणाले. वहिनी शेजारीच बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "भावजी, तो का उतरतो, ते यांनी कुणाला विचारलेच नाही."

सुटीच्या साऱ्या नियोजनाचा आरंभ या प्रश्नापासून व्हावयास हवा. अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत मानला जातो आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर हे त्यातील ऐन भराचे महिने. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पश्चिमेकडे सरकणारे वाऱ्याचे क्षोभ तापलेल्या समुद्रावरून येताना बळ धरतात आणि त्यांतील काहींची चक्रीवादळे होतात. बार्बाडोस हे कॅरिबियन बेटांच्या कमानीच्या बाहेर, पूर्वेला एकटे उभे आहे. पुष्कळशी वादळे त्याच्या उत्तरेकडून निघून जातात. १९५५ च्या सप्टेंबरात जॅनेट नावाच्या वादळाने बेटाला मोठा तडाखा दिला. त्यानंतर थेट २०२१ च्या जुलैमधील एल्सापर्यंत चक्रीवादळाने बेट गाठले नव्हते. म्हणजे धोका रोजचा नाही. पण तो नाहीच, असेही नाही. विश्वचषक जिंकल्यानंतर दोनच दिवसांत बेरिल हे वादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेले. विमानतळ बंद झाला, विजयी संघ हॉटेलात अडकून पडला आणि विशेष विमानाने ४ जुलैला दिल्लीस पोहोचला. बेटावरच्या कोळ्यांच्या कित्येक नौका त्या लाटांनी फोडल्या. संघासाठी विशेष विमान जाऊ शकते. तुमच्या-आमच्यासाठी ते कोण पाठविणार? पहिल्या कलमापुढे मी लिहिले : "डिसेंबर ते मे हा कोरडा काळ. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत दर चढे असतात. एप्रिलअखेर वा मेच्या आरंभी हवा बहुधा कोरडीच राहते आणि दर खाली येतो. सप्टेंबरातच जाणे असेल, तर वादळाचा धोका स्पष्ट शब्दांत नमूद असलेला विमा हवा."

दुसऱ्या कलमासाठी वारा समजून घ्यावा लागतो. हे बेट सुमारे ३४ किलोमीटर लांब व २३ किलोमीटर रुंद. क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या बृहन्मुंबईएवढे. परंतु एवढ्याशा भूमीला दोन अगदी निराळे समुद्र लाभले आहेत. ईशान्येकडून वर्षातील बहुतेक काळ व्यापारी वारे वाहतात. ते अटलांटिकच्या विस्तीर्ण पाण्यावरून अडथळ्यावाचून येत असल्यामुळे पूर्व किनाऱ्यावर मोठ्या लाटा आदळतात आणि पाण्याखालचे प्रवाह माणसाला आत ओढतात. बाथशेबा येथील समुद्र पाहावा, त्या लाटांवर फळीवरून घसरणाऱ्या तरबेज तरुणांचे कौशल्य पाहावे. पण नवख्याने तेथे पोहण्यास उतरू नये. पश्चिम किनाऱ्याला बेटाचा स्वतःचाच आडोसा मिळतो, म्हणून तेथील पाणी बहुधा तळ्यासारखे शांत असते. दक्षिण किनारा या दोहोंच्या मधला : थोड्या लाटा, बराच वारा आणि तुलनेने बेताचे दर.

याच संदर्भात आणखी दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बेट चेन्नईच्या अक्षांशावर आहे; वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही, पण ते लागावयाचे तेवढे लागतेच. २०११ पासून सारगॅसम नावाचे तपकिरी तरंगते शैवाल काही वर्षी प्रचंड प्रमाणात वाहत येते आणि किनाऱ्यावर कुजू लागले की त्याला उग्र दुर्गंधी सुटते. वसंत ते उन्हाळा हा त्याचा मुख्य काळ, आणि पूर्व व दक्षिण किनाऱ्यांना त्याचा त्रास अधिक. किनाऱ्यालगत मँचिनील नावाचे एक झाड आढळते. त्याची हिरवी फळे लहान सफरचंदासारखी दिसतात. ती विषारी असतात आणि झाडाच्या चिकाने कातडीला फोड येतात. पाऊस आला म्हणून या झाडाखाली आसरा घेणारा माणूस पावसापेक्षा मोठ्या संकटात सापडतो. अनेक झाडांच्या बुंध्यांवर लाल पट्टे रंगविलेले असतात, ते शोभेसाठी नव्हेत.

तिसऱ्या कलमावर मात्र आमचा खरा वाद झाला. "एकदा पैसे भरले की खिशात हात घालायला नको, बाहेर पडायला नको. सुटी म्हणतात ती हीच," असे स्नेह्यांचे म्हणणे. त्यात तथ्य नाही असे नाही. लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील तर अशी सोय मोलाचीच ठरते. परंतु परदेशी कंपनीला परदेशातच भरलेल्या पैशाचा पुष्कळसा भाग बेटावर पोहोचतच नाही, आणि जो पोहोचतो तोही भिंतीबाहेरच्या मासळीविक्रेतीपर्यंत किंवा टॅक्सीवाल्यापर्यंत क्वचितच जातो. आणि पाहुणा? तो हजारो मैल जाऊन एक आवार पाहून परततो.

बार्बाडोस म्हणजे समुद्राला जोडलेले हॉटेल नव्हे. तो सुमारे पावणेतीन लाख लोकांचा एक देश आहे. १६२७ मध्ये इंग्रजांनी तेथे वसाहत केली आणि १६४० नंतर उसाची लागवड पसरली. ऊस आणि साखर यांचा संबंध आपल्या महाराष्ट्राला सांगावयास नको. पण तेथील ऊस आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर उभा होता. दक्षिण भागात न्यूटन येथे अशा पाचशेहून अधिक माणसांची दफनभूमी आहे. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, तरी पूर्ण मुक्तता मिळण्यास १८३८ उजाडले. त्याच सुमारास शेजारच्या गयानात आणि पुढे १८४५ पासून त्रिनिदादमध्ये भारतातून करारबद्ध मजूर नेले गेले. दाट वस्तीच्या बार्बाडोसमध्ये मुक्त झालेल्या मजुरांना दुसरीकडे कसावयास मोकळी जमीनच नव्हती; म्हणून मळेवाल्यांना बाहेरून मजूर आणण्याची गरज भासली नाही. आपल्या देशातील व्यापारी तेथे पोहोचले ते विसाव्या शतकात, बंगालमधून आणि सुरतेच्या परिसरातून. १९६६ मध्ये देश स्वतंत्र झाला, २०२१ मध्ये प्रजासत्ताक झाला, आणि साखरेची जागा दरम्यानच्या काळात पर्यटनाने घेतली. ज्यांच्या पूर्वजांना स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, त्यांच्या घरी आपण पाहुणे म्हणून जात असतो, याची जाणीव ठेवल्याने सुटीचा आनंद उणावत नाही. तो जबाबदार होतो.

या देशात समुद्रकिनारा सर्वांसाठी खुला आहे. कोणतेही हॉटेल वाळूवर मालकी सांगू शकत नाही. मात्र वाळूकडे जाणाऱ्या वाटा हॉटेलांच्या भिंतींमध्ये अरुंद होत चालल्या आहेत, ही तेथील लोकांची जुनी तक्रार आहे. आपण खोली भाड्याने घेतो, किनारा नव्हे, एवढे भान पाहुण्याने राखले तरी पुष्कळ झाले. तिसऱ्या कलमापुढे मी लिहिले : "दक्षिण किनाऱ्यावर लहान अतिथिगृह पाहावे. सकाळची न्याहारी तेथे; इतर जेवण बाहेर." बाहेर म्हणजे कोठे, तर शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सच्या कोळीवाड्यात, जेथे ताजी मासळी भाजून देतात आणि सारा गाव जमतो. शाकाहारी माणसाला बटाटे व छोल्यांची भाजी गुंडाळलेली रोटी मिळते. मजुरांबरोबर गयाना-त्रिनिदादला गेलेली ही आपलीच रोटी. नळाचे पाणी प्रवाळी चुनखडकातून गाळून आलेले व पिण्याजोगे असते. पण बेटावर पाण्याचा तुटवडा आहे, म्हणून ते जपून वापरावे.

राहता राहिली कागदपत्रे. भारतातून थेट विमान नाही. लंडनमार्गे जाण्याची पद्धत आहे. अल्प मुक्कामासाठी बार्बाडोस भारतीय नागरिकांकडून आगाऊ व्हिसा मागत नाही. परंतु वाटेतील देश विमान बदलण्यासाठीसुद्धा परवाना मागू शकतो, आणि हे नियम बदलत असतात. तिकीट काढण्यापूर्वीच त्या त्या दूतावासाकडून खात्री करून घ्यावी. बेटावरून पुढे त्रिनिदाद वा गयाना पाहण्याचा बेत असेल, तर पीतज्वराची लस प्रवासापूर्वी किमान दहा दिवस टोचून घ्यावी व तिचा दाखला जवळ ठेवावा. अन्यथा परतताना आपल्याच विमानतळावर विलगीकरणात राहण्याची वेळ येते. बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, हा दर १९७५ पासून स्थिर आहे. आणि लष्करी छापाचे ठिपकेदार कपडे घरीच ठेवावेत. ते सामान्य माणसाने वापरणे तेथे गुन्हा आहे, मुलांनीसुद्धा.

स्नेही अखेर एप्रिलच्या शेवटी गेले. परत आल्यावर भेटले तेव्हा केन्सिंग्टन ओव्हलविषयी ते तासभर बोलले. मी वहिनींना विचारले, त्यांना काय आवडले? त्या म्हणाल्या, "बाथशेबाला बसने गेलो, तो दिवस. पोहलो नाही. खडकांत साचलेल्या उथळ पाण्यात पाय सोडून बसलो होतो. शेजारी तिथलीच एक आजी नातवंडांना घेऊन आली होती. तिने विचारले, कुठून आलात? मी इंडिया म्हटले, तशी म्हणाली, तुमची मुले वादळात इथे अडकली होती ना, सुखरूप पोहोचली ना घरी?"

त्या बाईच्या गावचे कोळी त्याच वादळात नौका गमावून बसले होते. आणि ती चौकशी करीत होती आपल्या मुलांची. भिंतीआडच्या सात दिवसांत हा प्रश्न त्यांच्या कानी पडला नसता. सुटीचा आराखडा करताना ऋतू पाहावा, वारा पाहावा, विमा आणि व्हिसा पाहावा. पण दिवसातून निदान एकदा अशा एखाद्या माणसाशेजारी बसता येईल, एवढी मोकळी जागाही त्या कागदावर राखून ठेवावी.