ससा पाळलाय? मग गाजर नव्हे, आधी गवत आणा!

घरात ससा आला की पहिल्याच दिवशी कुणीतरी त्याच्यासाठी गाजर आणतं. गोष्टीच्या पुस्तकात, कार्टूनमध्ये सशाच्या हातात गाजरच असतं ना! मग गाजरासोबत कोबीची पानं, उरलेली पोळी, भिजवलेले हरभरेही पिंजऱ्यात जातात. ससा आवडीनं खातो, मुलं खूश होतात. आणि एका सकाळी तो कोपऱ्यात अंग आक्रसून बसलेला दिसतो. काही खात नाही, लेंड्याही टाकलेल्या नसतात. ‘उद्या बघू’ म्हणेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

पाळीव सशांच्या अनेक दुखण्यांचं मूळ त्यांच्या खाण्यात असतं. पालेभाजी सशासाठी चांगलीच आहे. पण ती किती, कोणती आणि कशी द्यायची, हे कळण्यासाठी आधी त्याचं पोट समजून घ्यायला हवं.

सशाचं पोट कसं चालतं?

ससा हा गवत खाणारा प्राणी. त्याच्या आतड्यात सीकम नावाची एक मोठी पिशवी असते. तिथले सूक्ष्मजीव पचायला अवघड असलेला चारा आंबवतात. त्यातून तयार झालेल्या मऊ, चिकट, द्राक्षाच्या घडासारख्या लेंड्या ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन पुन्हा खातो. हे पाहून घाबरू नका. त्यातूनच त्याला प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं मिळतात.

हे सगळं सुरळीत चालण्यासाठी आतड्यात सतत तंतुमय चारा जात राहावा लागतो. तो कमी पडला आणि साखर किंवा पिष्ट जास्त गेलं, की सूक्ष्मजीवांचं संतुलन बिघडतं, गॅस धरतो आणि आतड्यांची हालचाल मंदावते. ससा उलटी करू शकत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं चुकीचं अन्न बाहेर टाकायचा मार्ग त्याच्याकडे नसतो.

दुसरा मुद्दा दातांचा. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. पुढचे दात तर आठवड्याला साधारण 2 ते 3 मिलिमीटर वाढतात. गवत चघळताना ते झिजतात. मऊ भाजीनं ते काम तितकंसं होत नाही.

मग भाजीचं स्थान काय?

आपल्या ताटाच्या भाषेत सांगायचं, तर गवत ही सशाची भाकरी, पालेभाजी हे तोंडीलावणं आणि गाजर किंवा फळ ही मिठाई. त्याच्या आहारातला 80 टक्क्यांहून अधिक भाग गवताचा असावा. वाळलेलं गवत त्याच्यापुढे चोवीस तास असायला हवं. दुकानात टिमोथी गवत मिळतं. गणपतीला वाहतो ती दूर्वा, म्हणजेच हरळी, हेही सशासाठी चांगलं गवत आहे. फक्त ती रस्त्याकडेची किंवा फवारणी केलेली नको. लसूणघास मात्र वाढत्या पिलांसाठी ठीक. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त असल्यानं मोठ्या सशाला ते रोज देऊ नये.

पालेभाजीचं प्रमाण सशाच्या एक किलो वजनामागे दिवसाला साधारण एक मोठी वाटी चिरलेला पाला इतकं ठेवा. ते सकाळ-संध्याकाळ विभागून द्या.

मंडईतलं काय चालतं?

*नेहमीसाठी:* कोथिंबीर, पुदिना, शेपू, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, मेथी, गडद हिरव्या पानांचं लेट्यूस. एकच भाजी रोज न देता दोन-तीन प्रकार आलटून पालटून द्या.

*कधीतरी, थोडं:* पालक, माठ, चुका, बीटाची पानं. यांत ऑक्झलेट जास्त असतं. कोबी आणि फ्लॉवरनं काही सशांना गॅस होतो, म्हणून तेही जपून. काकडी किंवा सिमला मिरचीचा तुकडा चालतो.

*मिठाई म्हणून:* गाजर, सफरचंद, केळं. बोटाच्या पेराएवढा तुकडा, आठवड्यातून एक-दोनदा. सफरचंदाच्या बिया काढून टाका.

*कधीच नको:* कांदा, लसूण, बटाटा, बटाट्याची आणि टोमॅटोची पानं, अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट. पोळी, भात, बिस्किटं आणि कडधान्यंही नकोत. बाल्कनीत मोकळा सोडत असाल तर कण्हेर, घाणेरी, डिफेनबेकिया आणि मनीप्लांट त्याच्या तोंडाला लागणार नाहीत असे ठेवा.

नवी भाजी कशी सुरू करायची?

पिलू साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर, एका वेळी एकच नवी भाजी, दोन-तीन पानांपासून सुरू करा. पुढचे दोन दिवस लेंड्या पाहा. त्या गोल, कोरड्या आणि नेहमीच्या आकाराच्या असतील तर प्रमाण हळूहळू वाढवा. पातळ झाल्या तर ती भाजी थांबवा. गवत मात्र चालूच ठेवा.

‘ओला पाला दिला की ससा मरतो’ असं सांगितलं जातं. पण धुतलेल्या पानावरचं पाणी त्याला मारत नाही. धोका असतो तो पिवळ्या पडलेल्या, सडक्या किंवा ढिगात तापलेल्या भाजीचा आणि आहार अचानक बदलण्याचा. त्यामुळे भाजी दोन-तीन पाण्यांतून धुवा, निथळू द्या, कच्चीच द्या आणि उरलेली काही तासांत उचलून टाका. पावसाळ्यात गवतालाही बुरशी धरते, म्हणून ते वास घेऊन मगच घाला.

‘ससा पाणी पीत नाही’ हाही गैरसमजच आहे. पाला खात असला तरी स्वच्छ पाणी कायम समोर हवं.

डॉक्टरकडे कधी न्यायचं?

ससा हा शिकार होणारा प्राणी आहे, त्यामुळे तो दुखणं लपवतो. म्हणूनच त्याचं खाणं आणि लेंड्या यांवर रोज नजर हवी. 10 ते 12 तास त्यानं काही खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या किंवा एकदम बारीक झाल्या, पोट टणक लागलं किंवा तो दात करकर वाजवत आक्रसून बसला, तर वाट पाहू नका. रात्र असली तरी हलवा. ओवा, हिंग असे घरगुती उपाय करण्यात वेळ घालवू नका. लघवी टूथपेस्टसारखी घट्ट, पांढरी येत असेल, तर तेही दाखवा.

प्रत्येक पशुवैद्य सशांवर उपचार करतोच असं नाही. म्हणून जवळपास सशांवर उपचार करणारे डॉक्टर कोण, याची चौकशी ससा ठणठणीत असतानाच करून ठेवा. आणि उद्या मंडईत गेलात, तर गाजराची जुडी त्याच्या पाल्यासकट आणा. पाला सशाला, गाजरं घरच्यांना!