२६ नोव्हेंबरचा तास

(शाळेबाहेरचा धडा : लेखांक अकरावा)

आज दहावीच्या वर्गात बसलेल्या मुलांपैकी २००८ साली बहुतेक जण जन्मलेच नव्हते. संगमनेर असो की जामखेड, ‘सव्वीस अकरा’ म्हटलं की त्यांच्यासमोर येतो तो सिनेमातला गोळीबार, नाहीतर मोबाइलवरची दीड मिनिटाची क्लिप. त्यांच्या बाईंना आणि सरांना मात्र टीव्हीसमोर काढलेले ते तीन दिवस अजून लख्ख आठवतात. गेल्या आठवड्यात आपण बहात्तरच्या दुष्काळाबद्दल बोललो. तिथे शाळेची बरीच सोय होती, कारण खडी फोडायला गेलेली आजी घरातच भेटते, मुलं तिला विचारू शकतात. मुंबईवरच्या हल्ल्याचं तसं नाही. नगर जिल्ह्यातल्या खेड्यात तो प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस सहसा सापडत नाही. मग जे काही सांगायचं ते शाळेनेच सांगायला हवं, आणि शाळेकडे त्यासाठी असतात परिपाठाची दहा मिनिटं.

त्या दिवशी परिपाठाला आणखी एक काम असतं. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने राज्यघटना स्वीकारली, म्हणून हा संविधान दिनही आहे. देशभर तो २०१५पासून पाळला जातो, महाराष्ट्रातल्या शाळांत त्याच्याही आधीपासून. त्यामुळे क्रम ठरून गेला आहे : उद्देशिकेचं सामूहिक वाचन, मग हुतात्म्यांना दोन मिनिटं स्तब्ध राहून श्रद्धांजली, मग एक भाषण. भाषणात ‘भ्याड हल्ला’ असतो, ‘वीर जवान’ असतात, शेवटी घोषणा असते. यात वाईट काही नाही. पण मुलाच्या हाती माहिती म्हणून काहीच लागत नाही. शिवाय उद्देशिका आणि श्रद्धांजली या एकाच कार्यक्रमातल्या दोन वेगळ्या बाबी होऊन बसतात. माझ्या मते तो एकच धडा आहे, आणि तो शिकवायला लागणारा सगळा मजकूर त्या रात्रीतच आहे.

सुरुवात माणसांपासून करावी. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर त्या रात्री उद्घोषणेच्या कामावर होते विष्णू झेंडे. गोळीबार सुरू झाल्यावर ते आपल्या केबिनमध्ये बसून राहिले आणि कुठल्या बाजूने बाहेर पडायचं ते माइकवरून लोकांना सांगत राहिले. शेवटी त्यांच्या केबिनवरही गोळ्या आल्या. जवळच कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे रात्रपाळीला होत्या. दोन दहशतवादी आवारात शिरताना दिसताच त्यांनी दारं बंद केली आणि वीस गरोदर बायकांना आडोशाच्या खोलीत हलवलं. पुढे त्यांनी त्यांपैकी जिवंत पकडल्या गेलेल्या कसाबला ओळखलं, आणि डिसेंबर २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर आपला अनुभव मांडला. गिरगाव चौपाटीजवळ सहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात लाठी असताना कसाबची रायफल धरून ठेवली. गोळ्या अंगावर झेलल्या, पण पकड सोडली नाही. साताऱ्यातल्या जावळी तालुक्यातलं केडंबे हे त्यांचं गाव. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. विज्ञानाच्या शिक्षकांना इथे आपला तास जोडून घेता येईल : २०२१ साली ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला संशोधकांनी ‘आयसियस तुकारामी’ असं नाव दिलं.

ही तिन्ही माणसं आपापल्या ठरलेल्या ड्युटीवर होती. माइकवर बोलणं, रुग्ण सांभाळणं, नाकाबंदीला उभं राहणं, हेच त्यांचं काम. मुलं मोठे शब्द लवकर विसरतात. अशी कामं मात्र त्यांच्या ओळखीची असतात, कारण मामा एसटीत असतो, आत्या नर्स असते, शेजारचे काका होमगार्डमध्ये असतात.

अशा स्मरणातून शांततेचा धडा द्यायचा म्हटलं की नगर जिल्ह्यात एक प्रश्न हमखास येतो. पारनेर-श्रीगोंद्याच्या गावांत घराघरातून पोरं फौजेत गेलेली आहेत, आणि नगर शहराचं लष्कराशी असलेलं नातं तर पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. तिथे शिक्षकाने शांतता म्हटलं की मागच्या बाकावरून आवाज येतो : मग आमचा दादा सीमेवर काय करतोय? प्रश्न रास्त आहे, तो दडपू नये. ओंबळे स्वतः आधी सैन्यात होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हल्लेखोर जिवंत धरला, म्हणून दहांपैकी एकावर तरी खटला चालला. १६६ माणसं मेली होती, देश संतापलेला होता, तरीही पुरावे मांडले गेले, साक्षी झाल्या, आरोपीला वकील दिला गेला. मे २०१०मध्ये विशेष न्यायालयाने कसाबला फाशीची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयाने ती २०११मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२मध्ये कायम केली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ला येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली. सर्वोच्च न्यायालयात त्याची बाजू मांडायला न्यायालयानेच ज्येष्ठ वकील राजू रामचंद्रन यांना नेमलं होतं.

याच खटल्यातली दुसरी गोष्ट भाषणांत कधी ऐकू येत नाही. कसाबबरोबर दोन भारतीय आरोपीही होते. त्यांच्याविरुद्धचा पुरावा पुरेसा नाही म्हणून त्याच न्यायालयाने त्यांना याच आरोपांतून सोडलं, आणि वरच्या न्यायालयांनी तो निर्णय मान्य केला. सकाळी वाचलेल्या उद्देशिकेतला ‘न्याय’ नववीच्या मुलाला इथे भेटतो. ‘त्याला वकील कशाला द्यायचा?’ या एका प्रश्नावर वर्गात अर्धा तास वाद होऊ द्यावा. शिक्षकाने घाईने उत्तर देऊ नये.

त्या खटल्यात साक्ष देणाऱ्यांत एक लहान मुलगी होती, देविका रोटावन. सीएसटीवर पायाला गोळी लागली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. कुबड्या घेऊन ती न्यायालयात आली आणि तिने कसाबला ओळखलं. त्यानंतर शाळा मिळवताना काय सोसावं लागलं, वर्गातल्या मुलांनी कसाबच्या नावावरून कसं चिडवलं, हे तिने पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं आहे. हल्ल्यातून वाचलेल्या मुलीला वर्गात जागा करून देणं हा स्मरणाचा पहिला पाठ असायला हवा होता. तिथे आपल्या शाळा नापास झाल्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता थोडं अडचणीचं. कोपरगावकरांना मुंबईपेक्षा मालेगाव जवळ. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, तिथे कब्रस्तान आणि मशिदीच्या परिसरात स्फोट झाले. मेलेल्यांत बहुतेक नमाजासाठी आलेले लोक होते. त्या प्रकरणात पकडलेल्या नऊ मुस्लिम तरुणांवरचे आरोप टिकले नाहीत. बहुतेकांची पाच वर्षं तुरुंगात गेली आणि २०१६मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. २००८च्या सप्टेंबरात मालेगावात पुन्हा स्फोट झाला, सहा जण गेले. जुलै २०२५मध्ये त्या खटल्यातले सातही आरोपी निर्दोष सुटले. म्हणजे घरातलं माणूस कोणी मारलं, याचं उत्तर त्या घरांना आजही मिळालेलं नाही. जी शाळा मुंबई आठवते आणि मालेगाव वगळते, ती मुलांना स्मरण शिकवत नाही, बाजू शिकवते. आणि बाजू शिकायला मुलांना शाळेची गरज नाही, त्यासाठी फोन पुरेसा आहे. मे २०२३मध्ये शेवगावात मिरवणुकीवरून दगडफेक झाली आणि पाठोपाठ जिल्ह्यात स्टेटस आणि पोस्टवरून वातावरण तापलं, ते याच मुलांच्या डोळ्यांदेखत.

या पिढीची स्वतःची आठवण आहे ती पहलगामच्या हल्ल्याची, २२ एप्रिल २०२५ची. सव्वीस जण मारले गेले, त्यांत सहा महाराष्ट्रातले. मृतांत सय्यद आदिल हुसैन शाह हा स्थानिक घोडेवालाही होता, पर्यटकांना वाचवू पाहताना तो मारला गेला. त्या आठवड्यात कोणत्या क्लिप आल्या, कोणत्या पुढे ढकलल्या आणि त्यांतल्या खऱ्या किती, हे मुलांनाच लिहायला लावलं तर तो तास इतिहासाचाही होईल आणि नागरिकशास्त्राचाही.

अशा आठवणी शाळेपर्यंत कशा न्यायच्या, याची उदाहरणं बाहेरच्या देशांत आहेत. नॉर्वेतल्या उटोया बेटावर २२ जुलै २०११ला एका दहशतवाद्याने ६९ जणांना मारलं. बहुतेक जण शिबिराला आलेले तरुण होते. जिथे हत्या झाल्या तो कॅफे पाडून टाकला नाही. त्याचा भाग जपून भोवती नवी इमारत उभारली, आतल्या बाजूला ६९ खांब, आणि तिथे आज शाळकरी मुलं लोकशाहीवरच्या कार्यशाळांना येतात. स्पेनच्या बास्क प्रांतात दहशतवादाचे बळी ठरलेल्यांचे नातेवाईक वर्गात येऊन बोलतात. मुंबईत ओबेरॉय हॉटेलमध्ये पती आणि तेरा वर्षांची मुलगी गमावलेल्या किया शेर या अमेरिकन बाईंनी ‘वन लाइफ अलायन्स’ ही संस्था काढून शांतता-शिक्षणाचं काम इथे, भारतातच केलं. त्या क्षमेबद्दल बोलतात. मला त्यांच्याविषयी आदर आहे, पण क्षमा वर्गात शिकवायला घेऊ नये असंही वाटतं. ज्याचं माणूस गेलं त्याने ती करावी किंवा करू नये. चौदा वर्षांच्या मुलाकडून त्यावर निबंध लिहून घेण्यात अर्थ नाही.

नगरला हे काम अगदी नवखं नाही. १९८९पासून काम करणाऱ्या ‘स्नेहालय’ या संस्थेच्या पुढाकाराने २०२१मध्ये नगरहून निघालेली सद्भावना सायकल यात्रा थेट बांगलादेशातल्या नोआखालीला गेली होती. १९४६च्या दंगलीनंतर गांधीजी पायी फिरले, तेच नोआखाली. त्या यात्रेला गेलेले लोक तालुक्याच्या शाळांत बोलायला येऊ शकतात.

एक गोष्ट मात्र बंद झाली पाहिजे. स्नेहसंमेलनात सव्वीस-अकराची नाटिका बसवतात, मुलांच्या हातात प्लास्टिकच्या बंदुका देतात आणि फटाके वाजवतात. त्यात दहशतवादी कोणाला करतात, त्याच्या डोक्यावर काय घालतात आणि वर्गातला एखादा शेख किंवा पठाण त्या वेळी कुठे बघत असतो, हे मुख्याध्यापकांनी एकदा प्रेक्षकांत बसून पाहावं.

तेव्हा जिल्ह्यातल्या शिक्षकांना एवढीच विनंती : येत्या २६ नोव्हेंबरला भाषण रद्द करा आणि एक पूर्ण तास काढा. गावात निवृत्त पोलीस किंवा नर्स असतील तर त्यांना बोलवा. मुलांना प्रश्न आधी लिहून आणायला सांगा. ते प्रश्न आमच्याकडे पाठवलेत तर निवडक प्रश्न आम्ही याच लेखमालेत छापू. पुढच्या आठवड्यात : भुईकोट किल्ल्यातले बेचाळीसचे कैदी.