बॉयलर एका कोळशाचा, इंधन दुसरेच

आल्मेरेतील अनेक वसाहतींना ऊब मिळते ती दीमेनच्या वायुविद्युत केंद्रातून नळांवाटे येणाऱ्या गरम पाण्याने. नेदरलँड्समधील इतर लक्षावधी घरांत मात्र स्वतंत्र गॅस बॉयलर आहेत आणि ते ग्रोनिंगेनच्या कमी उष्मांकाच्या वायूसाठी बनवलेले आहेत. म्हणून आयात वायूत नायट्रोजन मिसळून तो या बॉयलरांना मानवेल असा केला जातो. इंधन आणि बॉयलर यांची सांगड मोडता येत नाही, हे त्यामागचे तत्त्व. महाराष्ट्रातील औष्णिक वीजकेंद्रांत हेच तत्त्व अधिक कठीण रूपात समोर येते, कारण कोळसा खाणीगणिक बदलतो.

भारतीय कोळशात साधारणपणे ३० ते ४५ टक्के राख असते. २,९२० मेगावॉटच्या चंद्रपूर केंद्रासारख्या ठिकाणी बॉयलरची रचना हे गृहीत धरूनच होते. भट्टी प्रशस्त ठेवली जाते आणि राखेने नळ्या झिजू नयेत म्हणून धुरवायूचा वेग मर्यादित राखला जातो. इंडोनेशियाच्या कोळशात राख कमी, पण ओलावा आणि ज्वलनशील बाष्पांश अधिक. तो दळताना वाळवण्यासाठी जास्त गरम हवा लागते. तापमान हाताबाहेर गेले तर कोल मिलमध्येच आग लागू शकते. ज्या कोळशाची राख कमी तापमानाला वितळते, ती भट्टीच्या भिंतींना चिकटून तिचे घट्ट थर बनतात. मग नळ्यांतील पाण्यापर्यंत उष्णता नीट पोहोचत नाही.

उलट प्रयोगही महाग पडतो. गुजरातमधील मुंद्रा येथील टाटांचे ४,००० मेगावॉटचे केंद्र आयात कोळशासाठी उभारले गेले. अशा बॉयलरमध्ये जास्त राखेचा कोळसा घातला, तर तितक्याच विजेसाठी अधिक कोळसा दळावा लागतो, नळ्यांची झीज वाढते आणि राख वाहून नेणारी यंत्रणा अपुरी पडते. ट्रॉम्बेच्या ५०० मेगावॉटच्या पाचव्या संचासारखी, एकाहून अधिक इंधनांसाठी मुळातच आखलेली रचना हा अपवाद. ती लवचीकता आरंभीच विकत घ्यावी लागते.

२०२२ च्या कोळसाटंचाईत केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने देशी कोळशावरील केंद्रांना १० टक्के आयात कोळसा मिसळण्यास सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये हे प्रमाण ६ टक्के ठरले. थोडे मिश्रण बहुतेक बॉयलर पचवतात, मात्र ते एकजीव झाले पाहिजे. ढिगाऱ्यात दोन कोळसे वेगवेगळेच राहिले, तर कागदावरचे १० टक्के एखाद्या मिलमध्ये तासभर ५० टक्केही होऊ शकतात. आदेश टक्केवारीत निघतो, पण भट्टीला टक्केवारी कळत नाही. तिला त्या क्षणी आत पडलेला कोळसाच कळतो. या विसंगतीची किंमत आधी केंद्रातील कामगार धोका पत्करून मोजतात. नंतर ती इंधन समायोजन आकाराच्या रूपाने गावाकडच्या वीजबिलावर उतरते.