अंदाज काढण्याचे पैसे

धुळें जिल्ह्याच्या शिंदखेडें तालुक्यांतील नरडाणा हें गांव दोन वाटांवर बसलेलें आहे. सुरतेहून जळगांव-भुसावळकडे जाणारी आगगाडी तेथें थांबते, आणि धुळ्याहून शिरपुराकडे जाणारा आग्रा रस्ता गांवाजवळूनच जातो. जोडीला औद्योगिक वसाहतही झाली आहे. अशा ठिकाणचा सुतार, गवंडी, फिटर किंवा मोटारीचें वाइंडिंग करणारा कारागीर केवळ गांवापुरता राहत नाहीं. शिंदखेडें, दोंडाईचें, शिरपूर, प्रसंगीं धुळें, जिकडून बोलावणें येईल तिकडे त्याला जावें लागतें. बोलावणें मात्र पुष्कळदां कामाचें नसतें. "एकदां येऊन पाहून जा, खर्च किती येईल तेवढें सांगा," इतक्यापुरतेंच तें असतें.

कारागीर जातो. दारांचीं, खिडक्यांचीं, कपाटांचीं मापें घेतो. लाकूड किती लागेल, बिजागऱ्या किती, पॉलिशला दिवस किती, याचा हिशेब मांडतो. वखारींत जाऊन चालू दर विचारतो आणि रात्रीं बसून कागद तयार करतो. कागद हातीं पडल्यावर "घरांत विचारून कळवितों" असें उत्तर मिळतें. आठ-दहा दिवसांनीं त्याच्या कानावर येतें कीं, काम दुसऱ्याला गेलें, आणि तेंही त्याच्याच कागदावरून. दुसऱ्यानें यादीवर नजर टाकली आणि पांचशें रुपये कमी सांगितले. मापें घेण्याचा, यादी करण्याचा त्रास त्याला पडलाच नव्हता, तेव्हां कमी सांगणें त्याला सहज परवडलें. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं अलीकडे घराचें काम काढलें असेल त्यांना ही हकीकत अगदींच अपरिचित वाटूं नये. ज्याचा एक सबंध दिवस गेला त्याला कांहीं मिळावें कीं मिळूं नये, हा खरा प्रश्न आहे.

पूर्वींच्या गांवगाड्यांत तो उद्भवण्याचें कारण नव्हतें. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं आपल्या 'गांव-गाडा' या १९१५ सालच्या ग्रंथांत बलुत्याच्या पद्धतीचें जें सविस्तर वर्णन केलें आहे, त्यावरून असें दिसतें कीं, सुतार-लोहारांना औत-अवजारांच्या कामाबद्दल खळ्यावर धान्य मिळे. प्रत्येक कामाची किंमत निराळी ठरत नसल्यामुळें ती आगाऊ सांगण्याचाही प्रसंग येत नसे. कुणब्यानें हाक मारली कीं सुतारानें यावें, पाहावें, दुरुस्त करावें; वर्षाच्या शेवटीं सगळ्याचा हिशेब एकदमच. त्या पद्धतींत जुलूमही पुष्कळ होता आणि ती गेली याचें दुःख मानण्याचें कारण नाहीं. पण तिची एक संवय मागें उरली आहे. मोबदला आतां कामागणिक रोख मोजून दिला जातो, तरी "जरा येऊन पाहून जा" ही हाक मात्र बलुत्याच्याच सुरांत मारली जाते. पाहणें हें काम नव्हे, अशी जी समजूत शिकल्यासवरल्या घरांतूनही आढळते तिचें मूळ येथें असावें.

आतां थोडा हिशेब करून पाहावा. एक अंदाज काढण्यांत कारागिराचे, बुडालेली मजुरी आणि गाडीभाडें धरून, चारशें रुपये जातात असें समजावें. आणि चार ठिकाणीं अंदाज दिल्यावर एका ठिकाणीं काम मिळतें असें धरावें. म्हणजे एक काम मिळविण्यास सोळाशें रुपये खर्च झाले. ते कोठून यावयाचे? एक तर ज्यानें काम दिलें त्याच्या बिलांत ते कोठें तरी मुरविले जातात, किंवा कारागिराच्या घरच्या पोटांतून निघतात. ज्या तिघांनीं काम दिलें नाहीं त्यांच्याकडून त्यांतला एक पैसाही येत नाहीं. 'फुकट अंदाज' या शब्दांचा अर्थ इतकाच कीं, त्याचे पैसे भलताच कोणी तरी देतो; आणि बहुधा तो सर्वांत सरळ गिऱ्हाईक असतो.

तथापि सगळे अंदाज एका जातीचे नसतात. ओटा फुटला आहे, नळ गळतो आहे, तें उभ्याउभ्या पाहून रंगाऱ्यानें किंवा प्लंबरानें एक आंकडा सांगितला, तर त्याबद्दल फी मागणें अशोभनीय होईल. दुकानदार माल दाखविण्याचे पैसे घेत नाहीं, तसेंच तें आहे. मापें घेऊन, यादी करून, दर काढून कागद देणें ही पुढची पायरी. आणि तिसरी, जिच्याविषयीं शहरांतील माणसाला सहसा कल्पना नसते, ती म्हणजे उघडून पाहण्याची. खानदेशांतील बागाईत मोठ्या प्रमाणांत विहिरी आणि बोअर यांवर चालते. भर उन्हाळ्यांत पंप बंद पडला म्हणजे शेतकरी मोटार घेऊन वाइंडिंगच्या दुकानीं येतो आणि पहिला प्रश्न विचारतो तो खर्चाचा. मोटार खोलल्याशिवाय तांब्याची तार जळली आहे, बेअरिंग गेलें आहे, कीं नुसतें पाणी शिरलें आहे हें सांगणें अशक्य असतें. खोलणें हें अर्धें काम आहे. खर्च ऐकून शेतकरी "नको" म्हणाला, तर ती पुन्हां बसवून देणें हें आणखी काम. येथें फी घेणें गैर आहे असें म्हणण्यास फारच धीटपणा लागेल.

डॉक्टर तपासणीचे पैसे घेतो, मग रोगी पुढें त्याच्याकडे औषध घेवो वा न घेवो. वकील सल्ल्याचे घेतो. वास्तुशास्त्रज्ञांचा व्यवसाय १९७२ च्या कायद्यानें नियमित झाला आहे आणि नकाशा व खर्चाचा अंदाज यांबद्दल त्यांस मोबदला द्यावयाचा असतो, हें कोणासही नवल वाटत नाहीं. खुद्द नरडाण्याचेंच उदाहरण पाहावें. मनमाड ते इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळानें २ सप्टेंबर २०२४ रोजीं मंजुरी दिली, तेव्हां खर्चाचा आंकडा १८,०३६ कोटी रुपये असा देण्यांत आला. या आंकड्यामागें मोजणी, आंखणी आणि नकाशे यांचें वर्षांनुवर्षांचें काम आहे, आणि तें करणाऱ्यांचा पगार रेल्वे बांधली जाईपर्यंत कोणी अडवून ठेवला नव्हता. शिकलेल्या माणसाच्या अंदाजाला किंमत आहे आणि हातांत रंधा असलेल्याच्या अंदाजाला नाहीं, असा हा भेद आहे. त्याला दुसरें कारण दिसत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, सरकारी कामाची निविदा भरणाऱ्या ठेकेदाराला तरी कोण पैसे देतो? उलट अनामत रक्कम त्यालाच भरावी लागते. हें खरें, पण तेथें एक गोष्ट निराळी आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामांत मापें आणि बाबींची यादी बहुधा कार्यालय स्वतःच तयार करतें, आणि सर्व ठेकेदार त्या एकाच यादीवर आपापले दर भरतात. मोजण्याचें काम एकदांच होतें व त्याचा खर्च काम काढणारा सोसतो. घरगुती कामांत याच्या उलट प्रकार होतो. चार सुतार येऊन चार वेळां तींच दारें मोजतात, चार निरनिराळ्या याद्या होतात, आणि त्यांची तुलना करणें मालकालाही जमत नाहीं. एकानें सागवान धरलेलें असतें तर दुसऱ्यानें प्लायवुड. एकाच जाणत्या कारागिराला ठरलेले पैसे देऊन मापें व यादी करून घ्यावी, ती यादी मग मालकाची झाली, आणि ती हव्या त्याला दाखवून दर विचारावे, हा मार्ग अधिक सरळ आहे. त्यांत कोणाच्या श्रमाची चोरी होत नाहीं आणि मालकालाही खरा भाव कळतो.

कायदा याबाबतींत काय म्हणतो हेंही सांगितलें पाहिजे. साध्या अंदाजाचे पैसे, आधीं ठरलें नसल्यास, मागतां येत नाहींत, असाच सर्वसाधारण समज आहे. परंतु १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७० मध्यें असें तत्त्व आहे कीं, एखाद्यानें दुसऱ्यासाठीं कायदेशीरपणें, फुकट करण्याचा हेतु नसतांना, कांहीं केलें आणि दुसऱ्यानें त्याचा लाभ घेतला, तर त्यानें भरपाई द्यावी. इंग्लंडमध्यें १९५७ सालीं एका बांधकाम कंपनीनें असाच दावा जिंकला. काम तुम्हांलाच मिळणार, अशा समजुतीवर तिच्याकडून मालकानें पुन्हां पुन्हां अंदाज करून घेतले, युद्धांतील नुकसानभरपाई ठरविण्याच्या कामीं त्यांचा उपयोग केला, आणि शेवटीं इमारतच विकून टाकली. न्यायाधीशांनीं नेहमींची निविदा आणि हे पुढचे श्रम यांत फरक केला आणि दुसऱ्याबद्दल वाजवी मोबदला देवविला. हा निर्णय आपल्याकडील न्यायालयांवर बंधनकारक नाहीं. आणि चारशें रुपयांसाठीं नरडाण्याचा सुतार शिंदखेड्याच्या कोर्टाची पायरी चढेल हेंही संभवत नाहीं. म्हणून आधीं बोलणें हाच त्याचा खरा आधार.

फीच्या विरुद्ध जो आक्षेप सर्वांत बळकट आहे तो गरिबाचा. ज्याला कर्ज काढून छप्पर घालावयाचें आहे त्यानें तीन ठिकाणीं भाव विचारूं नये काय? अवश्य विचारावा, पण त्याच्यासाठीं कारागीर बहुधा स्वतःच फी सोडतो, हा अनुभव आहे. फुकटाचा हट्ट धरणारा गरीब क्वचितच असतो. दुसरी भीति अशी कीं, कांहीं लबाड लोक काम न करतां केवळ पाहणीच्या फीवर पोट भरूं लागतील, किंवा मोटार उघडून ठेवून गिऱ्हाइकाला अडकवतील. ही भीति खोटी नाहीं. यास्तव फी घेणाऱ्यावर जास्त बंधन असलें पाहिजे. घरीं येण्यापूर्वींच आंकडा सांगावा. कागदावर मापें, मालाची जात, मजुरी निरनिराळी लिहावी. तारीख घालावी आणि हा दर किती दिवस टिकेल तें लिहावें, कारण तांबें, लोखंड आणि लाकूड यांचे भाव कोणाच्या हातांत नसतात. काम मिळालें तर ती फी बिलांतून वजा व्हावी. पैसे घेऊन दिलेला अंदाज आणि प्रत्यक्ष बिल यांत मोठें अंतर पडलें, तर मधल्या मधें विचारल्याशिवाय पुढें जाण्याचा अधिकार कारागिराला नाहीं.

राहतां राहिली भीड. लहान गांवांत गिऱ्हाईक हा शेजारी असतो, नातलग असतो, मुलाच्या शाळेंतला मास्तर असतो. त्याच्यापुढें पैशाचा शब्द काढतांना जीभ अडखळते. याला दुकानाच्या भिंतीवरील पाटी हा साधा उपाय आहे. 'मोटार खोलून पाहण्याचे इतके रुपये, काम दिल्यास बिलांत वजा,' एवढें तीवर लिहिलें कीं बोलण्याचें काम पाटी करते, आणि आंत येणारा शेजारी आधीं ती वाचतो, मग मोटार खालीं ठेवतो.