कॉटर पिन काढण्याचे घरगुती साधन

पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. 2017 साली कर्वेनगरात सुरू झालेल्या ‘विक्रम पेंडसे सायकल्स’ या संग्रहालयात त्या काळच्या अनेक सायकली पाहावयास मिळतात. घराच्या जिन्याखाली पडून राहिलेली अशी एखादी सायकल दुरुस्त करायला घेतली, की काम बहुधा एका लहानशा तुकड्यापाशी अडते. तो तुकडा म्हणजे कॉटर पिन.

पॅडलचा दांडा, म्हणजे क्रँक, मधल्या आसावर घट्ट धरून ठेवण्याचे काम ही पिन करते. ती सुमारे 9.5 मि.मी. जाड असून तिची एक बाजू तिरकी कापलेली असते. ही बाजू आसावरील खाचेला टेकते. दुसऱ्या टोकाच्या आट्यांवरील नट आवळला, की पिन आत ओढली जाऊन पाचरीसारखी रुतते.

मग ती निघत का नाही? पाचरीचा उतार अगदी कमी असल्याने तिच्या बाजूंवर प्रचंड दाब पडतो आणि त्यामुळे घर्षण वाढते. त्यात गंजाची भर पडते. लोखंड गंजले, की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. छिद्रात फुगायला जागा नसल्याने पिन आणखीच आवळली जाते.

अशा वेळी हात हातोडीकडे जातो. पण घावाने पिनचे टोक चेपते, आटे खराब होतात आणि पिन वाकते. शिवाय तो धक्का आसातून छर्ऱ्यांपर्यंत पोहोचतो व त्यांच्या वाट्यांत खळगे पडतात. मग सायकल जड चालू लागते.

यावर उपाय म्हणून एक साधन करता येते. त्यासाठी 100 मि.मी. तोंडाचा पोलादी सी-क्लॅम्प घ्या. बिडाचा नको, तो तडकतो. त्याबरोबर 12 ते 13 मि.मी. आतील व्यासाचा, दोन सें.मी. लांबीचा जाड नळीचा तुकडा हवा. त्याची दोन्ही टोके कानशीने सपाट करा.

आदल्या रात्री पिनवर तेलाचे थेंब सोडा. दुसऱ्या दिवशी नट सैल करून पिनच्या टोकाशी सपाटीत आणा. त्यामुळे आट्यांना आधार मिळतो. नळी पिनच्या डोक्याभोवती क्रँकवर टेकवा. क्लॅम्पचा स्थिर जबडा नळीवर आणि स्क्रू नटाच्या बाजूला येऊ द्या. दोन्ही टोके सरळ रेषेत आहेत ना, हे पाहून स्क्रू सावकाश आवळा. पिन ‘कट्’ आवाज करून सुटते व नळीत सरकते. मग नट काढून ती बाहेर ढकला.

एवढे बल आले कोठून? समजा, क्लॅम्पचा दांडा मध्यापासून 15 सें.मी. लांब आहे आणि दोन आट्यांमधील अंतर 2 मि.मी. आहे. एका फेऱ्यात हात सुमारे 942 मि.मी. फिरतो, तर स्क्रू 2 मि.मी. पुढे सरकतो. म्हणजे बल 471 पट व्हायला हवे. घर्षणामुळे त्याचा सहावा भागच उरला, असे धरले तरी हाताच्या 10 किलोग्रॅम-भाराचे सुमारे 785 किलोग्रॅम-भार होतात!

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. स्क्रू पिनला जितक्या बलाने ढकलतो, तितक्याच बलाने नळी क्रँकला उलट रेटते. ही दोन्ही बले क्लॅम्पच्या चौकटीतच एकमेकांना तोलतात. छर्ऱ्यांवर त्यांचा भार पडत नाही. आसावर अडकलेली पुली किंवा चाकाचा तुंबा ओढून काढणारा पुलरही याच तत्त्वावर चालतो.

काम करताना डोळ्यांना चष्मा लावा आणि चेहरा पिनच्या रेषेत आणू नका. दांड्याला लांब पाइप जोडू नका. क्लॅम्पचे तोंड फाकू लागले, तर तेथेच थांबा.

नव्या पिना बसवताना एका क्रँकचा नट वर, तर दुसऱ्याचा खाली येईल असे पाहा. तरच दोन्ही पॅडल एका रेषेत येतात. थोडे अंतर चालवल्यावर नट पुन्हा आवळायला विसरू नका.