रिकाम्या वर्गातील पंखे

सकाळी अकराचा तास संपतो. विद्यार्थी दुसऱ्या इमारतीकडे वळतात आणि मागे राहिलेल्या रिकाम्या वर्गात सहा पंखे फिरत राहतात. त्या वर्गात पुढचा तास दुपारी एकला असतो. मधल्या वेळात त्या दारावरून प्राध्यापक जातात, कारकून जातात, विद्यार्थ्यांचे घोळके जातात. बटण मात्र कोणी बंद करीत नाही. यांपैकी एकही माणूस स्वतःच्या घरी रिकाम्या खोलीतला पंखा चालू ठेवून बाहेर पडणार नाही. घरी काटकसरी असलेला माणूस महाविद्यालयाच्या फाटकातून आत येताच उधळा का होतो? प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटला, तरी ऊर्जाबचतीच्या साऱ्या विचाराचे मर्म त्यात आहे.

या प्रश्नाला ‘जागृतीचा अभाव’ हे ठरावीक उत्तर दिले जाते. वस्तुतः जागृतीसाठी झाले नाही असे काही उरलेले नाही. दरवर्षी 14 डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन साजरा होतो. भित्तिपत्रकांच्या स्पर्धा होतात, शपथा घेतल्या जातात. पर्यावरणाचे शिक्षण अनिवार्य करावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये दिला आणि पुढे पदवीच्या अभ्यासक्रमात या विषयाचा समावेश झाला. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या निकषांतही ऊर्जाबचतीला स्थान मिळाले, आणि हरित लेखापरीक्षणाचे अहवाल फायलींत जाऊन बसले. एवढे सारे होऊनही पंखे फिरतातच. याचा अर्थ, उणीव ज्ञानाची नसून हिशेबाच्या रचनेची आहे.

ज्याचे जळते त्याला कळते

घरी विजेचे बिल ज्याच्या खिशातून जाते, तोच बटण दाबणारा असतो. महाविद्यालयात या दोन व्यक्ती निराळ्या असतात. वीज वापरतो विभाग, बिल येते कार्यालयात, रक्कम जाते संस्थेच्या तिजोरीतून आणि ती तिजोरी बऱ्याच अंशी भरते विद्यार्थ्यांच्या शुल्कातून. बहुतेक ठिकाणी साऱ्या आवाराला एक किंवा दोनच मीटर असतात. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेने किती वीज घेतली, सभागृहाने किती आणि कार्यालयातील वातानुकूलन यंत्रांनी किती, हे प्राचार्यांनाही सांगता येत नाही. ‘ज्याचे जळते त्याला कळते’ अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे जळते सर्वांचे, म्हणून कळत कोणालाच नाही. उलट एखाद्या विभागाने वर्षभर काटकसर केली, तरी वाचलेला पैसा सामायिक खात्यात विरून जातो. बचतीचे कष्ट एकाचे आणि फळ सर्वांचे, अशी व्यवस्था असल्यास ते कष्ट फार काळ कोणी घेत नाही. हा मनुष्यस्वभावाचा दोष म्हणण्यापेक्षा व्यवस्थेचा दोष म्हणणे अधिक न्यायाचे ठरेल.

या बेफिकिरीची किंमत काढणे अवघड नाही. समजा, एका महाविद्यालयात 40 वर्गखोल्या आहेत. प्रत्येकीत 6 पंखे आणि 4 जुन्या ट्यूबलाइट आहेत. साधा पंखा सुमारे 75 वॅट आणि जुनी ट्यूबलाइट चोकसह सुमारे 50 वॅट वीज घेते. सर्व खोल्या रोज केवळ दोन तास रिकाम्या असताना हे चालू राहिले, तर दिवसाला 52 युनिट व्यर्थ जातात. कामाचे दिवस 200 धरल्यास वर्षाला 10,400 युनिट होतात. सर्व आकार मिळून युनिटला दहा रुपये दर धरला, तर ही रक्कम एक लाखाच्या वर जाते. शिवाय देशातील एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे 0.7 किलो कर्बवायू हवेत जातो. म्हणजे ज्या वर्गात कोणी बसलेलेच नव्हते, त्यांनी सात टनांहून अधिक कर्बवायूची भर घातली. एका लाखात ग्रंथालयाला कितीतरी क्रमिक पुस्तके घेता आली असती, हा हिशेब विद्यार्थ्यांसमोर मात्र कधीच मांडला जात नाही.

आधी मीटर, मग भाषण

म्हणून पहिली गरज आहे ती प्रत्येक इमारतीला, आणि शक्य तेथे प्रत्येक विभागाला, स्वतंत्र उपमीटर बसवण्याची. दर महिन्याचा आकडा सूचनाफलकावर लागावा. गेल्या वर्षी याच महिन्यात किती वापर झाला होता, तेही त्याच्या शेजारी असावे. आणि ज्या विभागाने वापर कमी केला, त्याला वाचलेल्या रकमेचा निम्मा वाटा पुस्तकांसाठी वा उपकरणांसाठी परत मिळावा. हा आकडा टिपण्याचे काम विद्यार्थ्यांकडेच सोपवता येईल. अर्थशास्त्राच्या वा संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला यासारखा जिवंत प्रकल्प शोधूनही सापडणार नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. साध्या पंख्याच्या जागी ‘बीएलडीसी’ मोटरचा, सुमारे 30 वॅट घेणारा पंखा बसवला, की 45 वॅटची बचत होते. परंतु वर्षाला 1,200 तास चालणाऱ्या वर्गातील पंख्यामागे त्यातून 54 युनिट, म्हणजे वरील दराने 540 रुपये वाचतात. वसतिगृहात किंवा अभ्यासिकेत वर्षाला 4,000 तास चालणाऱ्या पंख्यामागे 180 युनिट, म्हणजे 1,800 रुपये. पंखा तोच, किंमतही तीच. पण वसुलीचा काळ तिपटीने निराळा. तेव्हा बदलाचा प्रारंभ वसतिगृहापासून आणि अभ्यासिकेपासून व्हावयास हवा. प्रत्यक्षात पुष्कळदा तो पाहुण्यांच्या नजरेस पडणाऱ्या सभागृहापासून होतो. वातानुकूलन यंत्राचे तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरोचे सांगणे आहे. या उपायाला तर एक पैसाही लागत नाही. लागतो तो वरिष्ठांच्या दालनापासून आरंभ करण्याचा निश्चय.

छतावर सौर पट्ट्या बसवण्याचा उत्साह सध्या मोठा आहे आणि तो स्वागतार्हही आहे. महाविद्यालयाचे काम दिवसा चालते, सूर्यही दिवसा तळपतो. हा मेळ अन्य ग्राहकांना सहसा साधत नाही. परंतु गळक्या हौदात नवा नळ सोडण्यापूर्वी गळती बुजवणे शहाणपणाचे असते. रिकाम्या वर्गातील पंखा सौरविजेवर फिरला म्हणून त्याचे फिरणे सार्थ होत नाही. वाफेचे इंजिन अधिक कार्यक्षम झाले तेव्हा कोळशाचा वापर घटण्याऐवजी वाढला, हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स याने 1865 मध्येच दाखवून दिले होते. 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेनंतर एलईडी दिवे स्वस्त झाले. आता प्रवेशद्वारावर आणि इमारतीच्या दर्शनी भागावर ते रात्रभर उजळत राहिले, तर जेव्हन्सचा इशारा आपल्याच आवारात खरा ठरेल.

काटकसर कोणाच्या वाट्याला?

मात्र बचतीच्या नावाखाली होणारी एक गोष्ट आक्षेपार्ह आहे. बिल वाढले की पहिली कुऱ्हाड अभ्यासिकेवर पडते; ती रात्री नऊऐवजी सायंकाळी सहाला बंद होते. अधिकाऱ्याच्या दालनातील यंत्राला कोणी हात लावीत नाही. चार मजल्यांची बटणे एकट्याने बंद करणे अशक्य असूनही बोलणी खातो तो शिपाई. एका खोलीच्या घरात राहणाऱ्या मुलाला त्या अभ्यासिकेतील दिव्याखेरीज दुसरी जागा नसते. त्याचा दिवा विझवून केलेली काटकसर ही काटकसर नव्हे. तो केवळ भार दुर्बळाच्या खांद्यावर सरकवणे होय.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. 2005 नंतरच्या काही वर्षांत राज्याने भारनियमनाचे दीर्घ तास सोसले, आणि त्यांतही खेड्यांच्या वाट्याला अंधार अधिक आला. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 मध्ये सौर कृषिवाहिनी योजना सुरू झाली. तरीही अद्याप अनेक ठिकाणी शेतकऱ्याला रात्रीच्या पाळीने पाणी द्यावे लागते. बाप रात्री विंचूकाट्यातून पाण्याचे दार मोडावयास जातो, आणि त्याचा मुलगा दिवसा ज्या महाविद्यालयात शिकतो तेथे ओस वर्गात पंखे फिरतात. या दोन चित्रांतील विसंगती त्या मुलाला कोणी शिकवावी लागत नाही. तो ती रोज पाहतो.

वीज वाचवणे म्हणजे अंधारात बसणे नव्हे. जेथे माणूस आहे तेथे दिवा असावा आणि जेथे माणूस नाही तेथे तो नसावा, एवढाच त्याचा अर्थ. रिकाम्या वर्गातील पंखे थांबवून अभ्यासिकेचा दिवा रात्री नऊपर्यंत तेवत ठेवता आला, तर त्या महाविद्यालयाला ऊर्जाबचतीचे निराळे प्रमाणपत्र भिंतीवर लावण्याची गरज उरणार नाही.